कूलरमधली वेल

एप्रिलच्या भर दुपारी आमच्या कूलरमधून कुजक्या पाल्याचा वास यायला लागला, तेव्हा मी आधी उंदीर मेला असं धरून चाललो. गॅलरीत जाऊन कूलरची जाळी काढली, तर टाकीत काळपट, बोटाएवढी जाड वेटोळी बुडालेली. मी साप समजून मागे सरलो आणि कुंडीवर बसलो. तेवढ्यात शेजारचे गुलाबराव बनियनवर बाहेर आले.

"हात नोको लावू भाऊ. वेल भिजून राहिली."

रानवेल होती, टोपल्या विणायची. महाल भागातल्या आमच्या इमारतीत दोन बिऱ्हाडांना मिळून एक गॅलरी आहे. गुलाबरावांचा स्वतःचा कूलर वेलींनी आधीच भरला होता. माझा कूलर दिवसभर चालतो, त्यातलं पाणी फिरतं राहतं आणि फिरत्या पाण्यात वेल लवकर नरम पडते, असं त्यांनी मला समजावलं. जणू माझ्या कूलरची त्यांनी निवड केली याचा मला आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी साल अडकून पंप बंद पडला. बायको उकाड्यानं हैराण झाली आणि सगळा राग माझ्यावर निघाला.

गुलाबरावांनी जन्मभर गांधीबागेतल्या दुकानात कापड मोजून दिलं. वेलीचं हे खूळ त्यांच्या डोक्यात गेल्या हिवाळ्यात शिरलं. शांताकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा मारला होता. पाय सावरले, बोलणं परत आलं, पण उजवा हात काही उठेना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मी काय लेकरू हाय काय, असं म्हणत काकूंनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. उजवा हात पदराखाली झाकून त्या दिवसभर खुर्चीत बसून राहायच्या. हात असाच पडून राहिला तर आखडून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग गुलाबरावांना आठवलं की माहेरी, कुहीकडच्या खेड्यात, काकू पोरवयात टोपल्या विणायच्या.

कारण चांगलं होतं, मी कुठे नाही म्हणतो? पण त्यापायी सगळ्या इमारतीनं जंगलात राहायचं का? जिन्याच्या कठड्याला वेली वाळत. सोललेली साल माझ्या चपलांत सापडे. भेटेल त्याच्या अंगठ्याभोवती वेलीचा तुकडा गुंडाळून वेल नरम पडली की अजून कडकडते, हे गुलाबराव कान लावून ऐकत. गॅसचं सिलिंडर आणणारासुद्धा यातून सुटला नाही. आणि कोणी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "घाई केली का मोडते."

एवढं करून विणकाम म्हणाल तर आनंद. काकूंच्या समोर फतकल मारून ते विणत, काकू खुर्चीतून रागावत. एक टोपली तोंडाशी इतकी वाकडी झाली की ठेवली की लवंडे. दुसरीतून कांदे गळत. ज्या माणसानं आयुष्यभर कापडावर कात्री सरळ चालवली, त्याच्या हाताला एवढंही वळण नसावं याचं मला नवल वाटे.

मे महिन्यात त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. वेल अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायची, चांदण्यातली तोडली तर तिला भुंगा लागतो, आणि पंधरवडा संपत आला होता. माझी एकुलती सुट्टी त्यांच्या चंद्रावर ओवाळून टाकत मी कुहीकडे निघालो. गुलाबरावांचं गावही तिकडचंच; त्यांच्या भावाच्या शेताच्या कडेला नाला आहे. तिथे ते विळा घेऊन झुडपात शिरले. प्रत्येक वेल ओढून पाहायची, बुडाकडचा भाग राखायचा, पानं ओरबाडायची, मग वेटोळं करायचं. मी उन्हात उभा राहून त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो.

परत निघताना भावानं कैऱ्या दिल्या. पिशवी कोणाकडेच नव्हती. गुलाबरावांनी बांधावर बसल्या बसल्या ओल्या वेली घेतल्या, मांडीवर आडव्या-उभ्या टाकल्या आणि माझी सिगारेट संपायच्या आत कैऱ्यांपुरती टोपली तयार केली. गोल, घट्ट, बोट शिरणार नाही अशी. मी बघतच राहिलो.

"तुम्हाला येतं हे?"

ते टोपलीत कैऱ्या भरत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "लहानपनापासून येते. शांतीले सांगू नोको गा."

 येताना घराच्या अलीकडे त्यांनी स्कूटर थांबवायला लावली, कैऱ्या धोतराच्या सोग्यात घेतल्या आणि ती सुंदर टोपली उलगडून टाकली.

दोन-चार दिवसांनी दुपारी पंप पुन्हा अडकला. मी तरातरा त्यांच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं. गुलाबराव जमिनीवर बसून टोपली नासवत होते. वेल दोन काड्यांवरून नेत, मग एका काडीखालून, मग कुठूनही. काकूंचा जीव वरखाली होत होता.

"अवो, एकाआड एक. कितीदा सांगू?"

गुलाबरावांनी पुन्हा चूक केली. काकूंनी वैतागून डाव्या हातानं टोपली मांडीवर ओढली. एका हातानं काडी धरवेना आणि वेलही ओढवेना. वेल सुटून वर उसळली. आणि पदराखालून उजवा हात बाहेर आला. बोटं थरथरत वेलीवर आली, घसरली, परत आली. शेवटी अंगठ्यानं वेल दाबून धरली.

काकूंचं लक्ष टोपलीकडे होतं. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गुलाबरावांच्या आलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले. 

"पाहा, असं असते," काकू म्हणाल्या.

गुलाबराव वळले. त्यांनी टोपली हातात घेतली, नीट घातलेला तो वेढा सोडवला आणि वेल पुन्हा काकूंच्या मांडीवर ठेवली.

"मले नाही समजलं, शांते. अजून एकदा दाखव."