इत्तला देणारे जहागीरदारकाका

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत रोज सकाळी जिन्यातून आवाज घुमतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाण्याची मोटर थोड्याच वेळात सुरू होत आहे." हे तळमजल्यावरचे जहागीरदारकाका. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गंगापूर, लासूर स्टेशन असं करत त्यांची सगळी नोकरी स्टँडवरच्या माईकसमोर गेली. निवृत्तीच्या दिवशी माईक तिथंच राहिला, आवाज तेवढा ते घरी घेऊन आले.

मिक्सर लावायचा असला तरी आधी घोषणा. शिंक येणार असली तरी हात वर करून "येऊ लागली" असं सांगणार. कुणी न कळवता बेल वाजवली की दार उघडून पहिला प्रश्न, "इत्तला कामून नाय दिली?" मग चहा टाकणार, तोही गॅस पेटवतोय हे बजावून. माझी दुपारची झोप संपत आली आहे, हेसुद्धा त्यांनी मला खिडकीतून हाक मारून कळवलेलं आहे. मला या माणसाचा मनापासून वैताग यायचा.

पण या घोषणा मुळात आमच्यासाठी नव्हत्याच. काकांची नात मनू तिसरीत आहे. तिला ऑटिझम आहे. आईवडील दोघंही वाळूजला कंपनीत, त्यामुळं ती शाळेतून आल्यावर काकांजवळ असते. मिक्सर अचानक फिरला की ती कान दाबून पलंगाखाली शिरायची. आधी सांगितलं की नुसती मान हलवायची. काकांना एवढं पुरलं.

घरी जमलं, शाळेत अडलं. तिथं तास संपल्याची घंटा झाली की मनू बाकाखाली. तिला बाहेर काढेपर्यंत पुढचा अर्धा तास संपायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी काकांना बोलावलं. काका मलाही सोबत घेऊन गेले. म्हणाले, "एकट्यानं गेलं की तक्रार होते. दोघं गेले की शिष्टमंडळ."

बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "काका, पोरगी हुशार आहे. पण आम्हाला झेपत नाही. तुम्ही वेगळी शाळा बघा. घंटा काही बंद करता येणार नाही."

"बंद करा म्हणलं कुणी? खुशाल वाजवा. तिला आधी इत्तला द्या, बस."

"शिकवणं सोडून प्रत्येक तासाला कोण सांगत बसणार?"

"मी बसतो. निवृत्त माणूस आहे, दुसरं करतो काय?"

बाईंनी एक आठवडा दिला. तेवढ्यात जमलं नाही तर दाखला काढून न्यायचा, असं ठरलं. काका हो म्हणाले आणि परत येताना रिक्षातच तासांच्या वेळा पाठ करू लागले.

पहिल्या दिवशी मला शेजारी घेऊन ते व्हरांड्यात स्टूल टाकून बसले आणि वेळ होताच अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मराठीचा तास संपत आहे. प्रवाशांनी आपापले सामान तपासून घ्यावे." चौथी ते सातवीची पोरं दप्तरं भरून फाटकाशी हजर झाली. त्यांना वर्गात परत कोंबायला बाई स्वतः धावल्या. शिष्टमंडळ म्हणून बोलणी मीसुद्धा खाल्ली.

घंटा वाजवणारे शब्बीरचाचा हा तमाशा बघत होते. ते काकांजवळ येऊन म्हणाले, "साब, इत्ता चिल्लाते कायकू? घंटी तो मेरेच हात में है. मैं बोल देतौं बच्ची कू."

तेव्हापासून चाचा घंटेकडे जाण्याआधी तिसरीच्या खिडकीशी थांबतात आणि हातोडी वर करून दाखवतात. मनू हातोडीकडे बघते, स्वतःच कान झाकते आणि मान हलवते. मगच घंटा होते. आता वर्गातली बाकीची पोरंही कान झाकतात, त्यांना तो खेळ वाटतो. आठवडा संपला तेव्हा बाई म्हणाल्या, "दाखला राहू द्या. आणि काका, आता तुम्ही घरी थांबलात तरी चालेल."

त्यानंतर काकांच्या घोषणा जरा कमी झाल्या. काम सुटलं म्हणून हिरमुसले असतील, असं समजून मी एका सकाळी खाली गेलो.

"शाळेचं जमलं ना, काका?"

"जमलं. लई चांगलं जमलं." मग म्हणाले, "तुझी काकू गेली तेव्हा मी लासूरला ड्यूटीवर होतो. सकाळी डबा हातात दिला, नेहमीसारखी दारात उभी राहिली. दुपारी निरोप आला. जन्मभर मी लोकांना गाड्यांची इत्तला दिली. तिनं मला नाय दिली."

 

तेवढ्यात दप्तर घेऊन मनू बाहेर आली. ती बोलताना कुणाकडे बघत नाही. दाराच्या कडीकडे बघत म्हणाली, "आजोबा, मी पाच मिनिटांनी शाळेत जाणार आहे. नंतर मी परत येणार आहे."

"ठीक आहे," काका म्हणाले.

ती तिथंच उभी राहिली, आणि रिक्षा आल्यावर गेली.

"ऐकलं का?" काकांनी मला हळूच विचारलं. "रोज सांगते. परत येणार हे पण सांगते. कुणी शिकवलं नाय तिला."

रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते दारातच होते. मग आत वळून म्हणाले, "बस. चहा टाकतो. गॅस पेटवू लागलोय."

मी म्हणालो, "पेटवा काका. लक्ष आहे माझं."