भासऱ्यांची हळदीची वाटी

आयुष्यात एकदाच मी एखादं भांडं मन लावून घासलं, आणि तेच नेमकं घासायचं नव्हतं. सतरा-अठराचं वय, नवं लग्न, अंगात अक्कल कमी आणि हौस फार. भांडं माझ्या भासऱ्यांचं होतं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. आणि भासरे हे काय प्रकरण होतं ते सांगितल्याशिवाय माझा गाढवपणा तुम्हाला कळायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आमगावच्या आमच्या घरात दर रविवारी चुलीवर माती शिजायची. थट्टा नाही करत. वरण खाली उतरायचं आणि माती वर चढायची. भासरे सरकारी शेतीवर माती तपासायच्या खोलीत मदतनीस होते, आणि आठवडाभर माती तपासूनही त्यांचं पोट भरत नसे. माती पाण्यात उकळायची ती घड्याळावर नाही, एकोणतिसाच्या पाढ्यावर. पाढा चालू असताना कोणी 'चहा ठेवू का' असं नुसतं विचारलं, की ती माती परसात आणि नवी माती चुलीवर. आम्ही उपाशी.

माझ्याशी ते बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही आणि तिनं त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. मग ते ओसरीच्या खांबाशी बोलत.

"खांबा, हळद सरली का रे?"

मीही खांबालाच सांगायची, की डबा भरलेला होता, कोणीतरी उचलून नेला.

नेलेला असायचा त्यांनीच. आमची सगळी हळद स्पिरिटात भिजत पडायची. घरात वरण पांढरं आणि वास स्पिरिटचा. शेजारीण मला एकदा हळूच विचारून गेली, "तुह्ये भासरे घेऊन राहिले का वं?"

हा सगळा उपद्व्याप बोरॉनसाठी. मातीत ते चिमटीच्याही चिमटीएवढं असतं म्हणे, पण नसलं की फुलगोबी आतून काळी पडते, देठ पोकळ होतो. शेणखत खाल्लेली काळी चिकण माती ते धरून ठेवते. आमच्यासारखी रेताड माती पावसाबरोबर घालवून बसते. माती उकळली की मुळांना मिळण्याजोगं बोरॉन पाण्यात उतरतं. ते पाणी हळदीच्या अर्काबरोबर, कसलंसं आम्ल घालून, चिनी मातीच्या वाटीत आटवायचं. वाटी लाल झाली तर बोरॉन आहे, पिवळी राहिली तर नाही. पाहुणे आले की भासरे त्यांना हे सगळं ऐकवत आणि वर म्हणत, "माती धरते किती, ते कायले पुसता? सोडते किती, ते पुसा." पाहुणे लवकर उठत.

आता घरातली दुसरी पंचाईत. आम्ही सोनार. माझा नवरा ओसरीवर दागिने जोडायचा, त्याला टाकणखार लागायचा, आणि टाकणखारात म्हणे बोरॉन ठासून भरलेलं. म्हणून टाकणखाराची डबी उंबऱ्याच्या आत यायची नाही आणि टाकणखाराचा हात भासऱ्यांच्या सामानाला लागायचा नाही. खांबाला हे रोज सांगितलं जाई. मी ऐकायची आणि सोडून द्यायची. त्यांचे नियम इतके होते, की पाळायचे म्हटले तर माणसानं श्वास कधी घ्यावा?

दिवाळीची घासपूस निघाली. ती चिनी मातीची वाटी हळदीनं बरबटलेली. मी सोनाराची लेक आणि सोनाराची सून. कळकट वस्तू टाकणखारानं उजळते हे मला कोण शिकवणार? लावला टाकणखार. घासताना पिवळे डाग लालसर झाले. मला वाटलं, मळ सुटतोय. पाण्याचा एक हबका मारला, पदरानं पुसून वाटी जागेवर ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

रविवारी पाढा झाला, वाटी आटली, आणि कुंकवासारखी लाल निघाली. मी मनात म्हटलं, बरं झालं, सापडलं एकदाचं. भासरे मात्र वाटीकडे पाहतच राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या रविवारी चुलीवर माती चढली नाही. खांबाशीही बोलणं बंद. वरण पिवळंधमक झालं आणि कोणाच्या घशाखाली उतरेना.

शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, त्या रविवारची माती माझ्या जाऊबाईंची, भासऱ्यांच्या बायकोची होती. जाऊबाई माझ्या लग्नाआधीच तापानं गेलेल्या. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी परसात फुलगोबी लावली होती, आणि एकूणएक गड्डा आतून काळा निघाला. सासूबाई चार बायांत बोलून गेल्या, की हिच्या हातालाच गुण नाही. ते मनात घेऊनच जाऊबाई गेल्या. भासऱ्यांनी त्या वाफ्यातली माती पुरचुंडीत बांधून ठेवली, मग मातीच्या खोलीत नोकरी धरली, आणि हात बसेपर्यंत गावभरची माती शिजवली. पुरचुंडी सोडली ती त्या रविवारी.

"वाटी लाल आली," सासूबाई म्हणाल्या. "म्हंजे माती चांगली होती. म्हंजे मीच खरी बोलली होती." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. स्वतःचं खरं ठरल्यावर रडणारी सासू मी तेवढीच पाहिली.

लाल. घासतानाही लालच झालं होतं की.

हे खांबाला सांगून भागण्यासारखं नव्हतं. मी सरळ भासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. पदर कुठे होता कोण जाणे.

"वाटी मी घासली," मी म्हटलं. "टाकणखारानं."

ते उठले, साठवलेलं पावसाचं नुसतं पाणी वाटीत घेतलं, हळद आणि आम्ल घालून आटवलं. तेही लाल झालं. मातीचा कणही नव्हता त्यात. भासरे खोकल्यासारखं काहीतरी करू लागले; ते हसणं होतं हे मला उशिरा कळलं.

मग त्यांनी वाटी पाण्यात उकळ उकळ उकळली, नुसतं पाणी आटवल्यावर पिवळं राहीपर्यंत. पुरचुंडीत उरलेली माती चुलीवर चढली. पाढा सुरू झाला. त्या दिवशी चहाचं कोणी विचारलं नाही.

वाटी आटली. पिवळीच राहिली.

भासऱ्यांनी ती आधी सासूबाईंपुढे नेऊन धरली. त्यांनी पाहिली आणि मान खाली घातली. मग भासरे वळले, खांबाकडे नाही, माझ्याकडे, आणि म्हणाले, "तिचा हात चांगलाच होता, बाई. त्या वाफ्यात आता तू फुलगोबी लाव, मातीचं मी पाहतो. पण माह्या वाटीले हात लावू नोको."