आवाज गेला की किल्ली तुझी

बायकोने लायसन्स काढलं, त्या दिवशी मी मोठ्या मनाने सांगून टाकलं, "एवढा क्लचचा आवाज गेला की किल्ली तुझी." (मोठं मन दाखवायला मला फार आवडतं. द्यायची वेळ आली की ते आक्रसतं.)

आमची नवी गाडी चालू लागली की पायाखालून घर्रर्र असा आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी क्लचचं बेअरिंग गेलंय म्हणून वॉरंटीत फुकट बदलून दिलं. बायको किल्लीसाठी हात पसरून उभी राहिली. पण थोड्याच महिन्यांत आवाज पुन्हा हजर! पुन्हा नवं बेअरिंग, पुन्हा बायकोचा हात पुढे, आणि पुन्हा घर्रर्र.

"तो आवाज तुम्हीच काढता," एकदा जेवताना ती म्हणाली.

"मी? तोंडाने?"

"कशाने ते मला माहीत नाही. पण किल्ली द्यायची वेळ आली की बरोबर येतो. दोन बस बदलून शाळेत जाते मी. वर्गात पोचेपर्यंत अर्धा जीव संपलेला असतो, मग मुलांना काय शिकवू? आणि टेबलाची पट्टी पायाने दाबू नका हो, परवाच सुताराने बसवलीये!"

मला खरंच वाईट वाटलं. (टेबलाखालची ती आडवी पट्टी माझ्याच बाजूने का निखळते, हे सुतारालाही कोडं आहे.) या खेपेला कंपनीला सोडायचं नाही असं मी ठरवलं, आणि साक्षीदार म्हणून बायकोलाच बरोबर घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं.

"साहेब, तिसऱ्यांदा वॉरंटीत बसणं कठीण आहे," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर म्हणाला. "कदाचित तुमच्या चालवण्यात काही..."

"माझ्या चालवण्यात?" मी काउंटरवर हात आपटला. "अहो, तुम्ही तीनचाकी सायकल चालवत होता तेव्हापासून मी गाडी चालवतोय! चला, बसा माझ्या शेजारी!"

तो शेजारी बसला, बायको मागे. मी रुबाबात गाडी काढली. कोपरा ओलांडतो न ओलांडतो तोच घर्रर्र सुरू.

"ऐका! आता बोला!" मला इतका आनंद झाला, की जणू गाडी दुसऱ्याचीच होती.

बायको दोन्ही सीटच्या मधून खाली वाकून बघत होती.

"अहो, डावा पाय उचला."

"कुठला?"

"डावे पाय आहेत किती तुम्हाला?"

मी पाय उचलला. आवाज बंद. ठेवला, घर्रर्र. उचलला, गप्प.

"साहेब, तुम्ही क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवता," मॅनेजर म्हणाला. "बेअरिंग टिकणार कसं?"

"टेबलाची पट्टी!" मागून बायको ओरडली. "तरी म्हटलं, जेवताना हा माणूस सारखा कुठे निघालेला असतो!"

वॉरंटी गेली, असं समजून मी गाडी परत वळवली. पण बायको शांतपणे म्हणाली, "एवढं शेवटचं बदलून द्या. यापुढे गाडी मी चालवणार."

"मॅडम, असं असेल तर आजच वर बोलतो," मॅनेजर म्हणाला. (माझ्याशी तो एवढ्या आनंदाने कधीच बोलला नव्हता.) बेअरिंग मिळालं. किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली.

आता ती गाडीने शाळेत जाते, वाटेत मला ऑफिसला सोडते, आणि संध्याकाळी गुणगुणत घरी येते. आवाजाचं नाव नाही. तिला बघून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा सर्व्हिसिंगला गेलो होतो. मॅनेजरने गाडी फिरवून पाहिली, सगळं उत्तम म्हणाला, आणि ड्रायव्हरशेजारचं, म्हणजे आता माझ्या बाजूचं, दार उघडून थबकला. तिथल्या मॅटला डाव्या पायाखाली चांगलं भोक पडलं होतं.

"हे वॉरंटीत बसतं का हो?" मी हळूच विचारलं.

त्याने भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्ही मागे बसत जा."