कूलरच्या टाकीतली मोहफुलं

या उन्हाळ्यात कूलरची टाकी गंजू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. आमच्या गोंदियात माणूस मे महिन्यात एकवेळ बायकोवाचून राहील, कूलरवाचून नाही. (पुष्पांजलीला हे वाक्य दाखवलेलं नाही.)

मोबाइलवर एका व्हिडिओत कळलं, की झाडपाल्याच्या अर्कातली सेंद्रिय संयुगं पाण्यात मिसळली की लोखंडाला चिकटून बसतात, पातळ थर धरतात आणि गंजाला शिरू देत नाहीत. कोणता झाडपाला, ते सांगायच्या आत रेंज गेली. (अडला म्हणून थांबेल तो मी कसला!) घरात झाडाचं म्हणावं असं एकच होतं. सासऱ्यांनी देवरीहून लाडवांसाठी पाठवलेली वाळकी मोहफुलं. चांगली टोपलीभर टाकीत ओतली.

मोहफूल, पाणी आणि उकाडा एकत्र आले की काय तयार होतं, ते देवरीतलं शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही.

दोन-तीन दिवसांनी योगराजजी आले. माझी मेहुणी नीतू आमच्याकडे राहून बी.एड. करते, तिला पाहायला. मुलाचे वडील, आणि नवेगाव बांधच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. मी त्यांना मानाने कूलरसमोर बसवलं आणि बटण फुल केलं.

योगराजजींनी नाक वर केलं. "काऊन जी, घरी मोहाची काढून राहिले का?"

"नाही जी, ते सेंद्रिय संयुग आहे. गंज लागू नये म्हणून."

"आमच्या गावचे बी दवाच म्हनतात. तोंड उघडा."

उघडलं. त्या खोलीत कॅलेंडरवरच्या देवाच्या तोंडालाही वास आला असता. योगराजजी "हं" म्हणाले आणि उठले. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या नीतूचा चेहरा पडला. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. मला फार वाईट वाटलं.

नीतूने ट्रे ठेवला, कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या. "भाऊजी, तुमी बाहेर खाटेवर बसा," ती म्हणाली.

योगराजजी दारातच थांबले. "बाई, तू याच मानसाच्या घरी राहून शिकून राहिली?"

"हो जी."

"अन् पास बी होते?"

"वर्गात पयली आहे."

ते परत येऊन बसले. "पोरगी पसंत आहे. असा बेवडा घरात असून जे इतकी धड निघाली, तिले आमच्या घरी काय जड जाईल?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पुष्पांजलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "अवो, रोजच घेता ना तुमी?"

"रोज," मी मान खाली घालून म्हणालो. "कधीकधी सकाळीपन."

लग्न थाटात झालं. हार घालून झाल्यावर योगराजजींनी मला माइकपाशी नेलं आणि साऱ्या मांडवासमोर दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. आयुष्यात थेंबाला न शिवलेला मी हात पुढे करून उभा होतो. टाळ्या कडाडल्या, त्यात सगळ्यात जोरात पुष्पांजलीच्या.

आता ऑफिसात जो तो हळूच विचारतो, "भाऊ, एकदम सोडली, त हातपाय थरथरत त नाई ना?"