हैबतरावांच्या पायांची फितुरी

श्रीधन्वंतरीचे चरणीं मस्तक ठेवोन, जैसें घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरीं, आश्विनमासीं गडाचे किल्लेदार हैबतराव दळवी यांणीं परचक्र परतविलें आणि त्या आनंदें मेजवानी मांडिली, आणि कोंबडीं अर्धीं कच्चीं असतां दम न निघोन दोन एकट्यांनींच भक्षिलीं, मग तीन दिवस राव परसाकडेसच राहिले, आणि चवथे दिवशीं उठोन मिशीस पीळ देऊन बोलिले, "पोटींचा शत्रूही मारिला."

दहा दिवस गेले, तों तळव्यांस मुंग्या आल्या, मग गुडघे लटपटले, मग मांड्या गेल्या, मग हात गेले, आणि राव ओंडक्यासारखे बिछान्यावर पडोन गरजले, "करणी कोणी केली? धरोन आणा!" तेव्हां नागेशभट वैद्य नाडी पाहोन म्हणाले, "सरकार, करणी नव्हे. पोटींच्या रोगाशीं देहींची फौज लढली. त्या रोगाचें रूप आणि आपल्या मज्जातंतूंचें रूप मिळतेंजुळतें. रोग पळाला, परंतु फौजेस ओळख न पटोन ती आतां घरच्यांसच झोडपते."

"त्या फौजेस बेड्या घाला!"

"फौज आपलीच, सरकार. बेड्याही आपल्याच पायीं पडल्या."

मग वैद्यांनीं रावांच्या पत्नी चिमाबाई यांस एकीकडे नेऊन सांगितलें, "हें छातीपावेतों चढलें तर श्वास जाईल." बाई धीराच्या. त्या रोज सकाळीं रावांस आपले अकरा किताब एका दमांत म्हणावयास लावीत. अकराचे नऊ जाहले, मग सहा, आणि एके दिवशीं राव दुसऱ्यावरच थांबले, तेव्हां बाईंचे डोळे भरले.

राव धापा टाकीत म्हणाले, "रडूं नका. किताब... फारच होते."

"तिसरा म्हणा, मग हसेन," बाई म्हणाल्या, आणि उशाशीं बसोन राहिल्या. दुसरे दिवशीं दोनच जाहले. त्याचे पुढील दिवशीं तीन. बाई हसल्या.

मग मार्गशीर्षीं एक माशी रावांचे नाकावर बसली, आणि राव तिजला शिव्यांची लाखोली वाहत असतां उजवा हात थरथरत उठला आणि नाकावर आदळला. माशी उडाली, परंतु हात उठला! बाईंनीं आनंदें ऐसी किंकाळी फोडिली कीं बुरुजावरील गोलंदाजास गनीम आला ऐसें वाटलें, आणि त्यानें तोफ डागोन आपल्याच पागेची भिंत पाडिली. त्यास बांधोन आणिलें, तों राव पडल्या पडल्या हसत म्हणाले, "सोडा त्यास. आमची आंतली फौज तरी कोठें शहाणी?"

येणेंप्रमाणें राव चैत्रीं काठी टेकीत चालूं लागले. डावें पाऊल किंचित् ओढलें जाई तें अखेरपावेतों. दरबारीं लोक त्यास रुबाब म्हणत, आणि रावही नाहीं म्हणत नसत. जाहलें तें इतकेंच.