बाईंनंतर कोण?

ज्या समाजाचा पहिला प्रश्न कायमचा सुटलेला असतो, तोच दुसऱ्या प्रश्नावरून एकमेकांच्या उरावर बसू शकतो. बाकीच्यांना तेवढी सवड कुठून मिळणार? या दृष्टीने पाहिलं, तर नाईलकाठचं मन्सुरा हे शहर अत्यंत प्रगत म्हणावं लागेल. सर्वांत थोर गाणारं कोण, हा प्रश्न तिथे केव्हाच निकालात निघाला आहे. उत्तर : बाई. बाईंचं नाव घ्यायची तिथे पद्धत नाही आणि गरजही नाही. (एका परगावच्या विमा एजंटाने "कुठल्या बाई?" असं विचारलं होतं. तो सुखरूप परत गेला, परंतु विमा कुणीही उतरवला नाही.)

बाई जाऊन बरीच वर्षं लोटली, तरी रोज उन्हं उतरली की अंदलुस कहवाखान्यात त्यांची कॅसेट लागते. त्यावेळी चहा ढवळायची परवानगी नाही. साखर आपोआप विरघळेल तेवढीच आपली, असं समजायचं. कॅसेट संपली, की 'द्वितीय पसंती निश्चिती मंडळा'चं कामकाज सुरू होतं. बाईंनंतर कोण, हे एकमताने ठरवणं हा मंडळाचा एकमेव उद्देश आहे. मंडळात अकरा सभासद असून त्यांची तेरा मतं आहेत.

नियम मोजके पण कडक होते. उमेदवार मयत असावा, कारण जिवंत माणसाचा भरवसा नाही. तो उद्या नवी कॅसेट काढेल. त्याच्या गाण्यावर कुणाला नाचता येता कामा नये. तो बाईंच्या जवळपास पोचणारा असावा, परंतु पोचलेला नसावा. किती जवळ, यावर दोन हिवाळे चर्चा होऊन असं ठरलं, की बाईंनी हाक मारली तर ऐकू जावी, पण ओ देण्याची हिंमत होऊ नये, इतपत.

या चाळणीतून दोन नावं उरली. एक मुनीर रशीदी, जो एकेक सूर असा ताणायचा की ऐकणाऱ्याचा जीव गुदमरे. दुसरी सनिय्या अल्-मिन्यावी, जी गाता गाता रडायची आणि काही जाणकारांच्या मते रडता रडता गायची. पाच सभासद रशीदीचे, पाच सनिय्येचे आणि अकरावा बयूमी न्हावी. तो खुर्चीत जे गिऱ्हाईक असेल त्याच्या मताचा. दातांचे डॉक्टर लबीब हे कट्टर रशीदीवाले. सनिय्यावाल्याचा दात काढायची वेळ आली, की त्यांच्याकडचं सुन्न करायचं औषध नेमकं संपलेलं असे. हा योगायोग मंडळाने वारंवार नोंदवला आहे. रशीदीवाल्यांच्या मिशांच्या दोन बाजू मात्र सारख्या नसत, कारण आधीचा सनिय्यावाला खुर्चीतून उठून ते बसेपर्यंत बयूमीचं मत पुरतं बदललेलं नसे.

मंडळाचे अध्यक्ष हाग (म्हणजे आपले हाजी) फिक्री, कापडाचे व्यापारी. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. कहवाखान्यात हात असलेली खुर्ची एकच होती आणि तीत ते बसत. ते सनिय्येचे. त्यांना इन्साफ नावाची मुलगी होती आणि ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्याच आवारातल्या मुलांच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या वगीह नावाच्या मास्तरांचं तिच्यावर प्रेम होतं. (हे वाक्य वाचकांनी गंभीरपणे घ्यावं. ही एकच गोष्ट या कथेत चर्चेशिवाय ठरलेली आहे.)

वगीह मागणी घालायला गेला, तेव्हा हाग फिक्रींनी पगार विचारला नाही, घर विचारलं नाही.

"उस्ताज, तुम्ही चांगल्या घरातले. पण माणूस त्याच्या दुसऱ्यावरून कळतो. पहिलं काय, सगळ्यांचं तेच. गाढवाला विचारलंत तरी ते बाईंचंच नाव घेईल. तुमचं दुसरं कोण?"

वगीहने घोटभर चहा घेतला.

"लगेच नका सांगू," हाग म्हणाले. "अशी गोष्ट चारचौघांसमोर सांगायची असते. गुरुवारी मंडळात या. दुसरं धड नसेल, तर पोरगी देणार नाही. ज्याला दुसरं निवडता येत नाही, तो पहिलीला काय सांभाळणार?"

आता इथे एक अप्रिय सत्य सांगणं भाग आहे. वगीहचं पहिलं म्हणजे बाई नव्हत्या.

वगीहचं पहिलं होतं सईद बत्ता. बत्ता म्हणजे बदक. आवाजाची जातकुळी नावातच आली. हा गृहस्थ पूर्वी कलिंगडं विकायचा आणि आता लग्नांतून गायचा. शहरातल्या यच्चयावत मिनीबसांत त्याच्या कॅसेटी वाजत. 'मेहुण्या, माझी चप्पल दे' हे त्याचं गाणं ऐकलं, की वगीहच्या अंगात काहीतरी संचारे. पाय आपोआप हलत आणि आयुष्य एकदम सोपं वाटू लागे. बाईंचं गाणं ऐकूनही त्याचे डोळे भरून येत, नाही असं नाही. पण ते बत्तानंतर. हिशोब अगदी सरळ होता : पहिला बत्ता, दुसऱ्या बाई.

म्हणजे "तुझं दुसरं कोण?" याचं प्रामाणिक उत्तर होतं "बाई", आणि हे उत्तर ऐकून मंडळ त्याला नाईलमध्ये बुडवणार, हे भूगोलाच्या मास्तरांना नकाशा न बघता कळत होतं.

इन्साफला हे सगळं ठाऊक होतं. तिने त्याला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं.

"अरे, सरळ सनिय्या म्हण ना! बाबा आनंदाने वेडे होतील."

"मला ती रडकी आवडत नाही गं."

"तुला तिच्याशी लग्न करायचंय का? म्हण, सनिय्या अल्-मिन्यावी."

"सनिय्या अल्-मिन्यावी."

"चेहरा कशाला पाडतोस? कडू काढा प्यायल्यासारखा! परत म्हण."

"इन्साफ, खोटं बोलून संसार सुरू करायचा?"

"लोक दुसऱ्या कशाने सुरू करतात?" असं म्हणून ती वर्गावर गेली.

गुरुवारी वगीह नवा कोट घालून कहवाखान्यात हजर झाला. अकराही सभासद आलेले होते. बाईंची कॅसेट लागली, साखर आपापली विरघळली, कॅसेट संपली. वगीहच्या ओठांवर सनिय्या तयार होती. वाटेत त्याने ती इतक्या वेळा घोकली होती, की शेजारून जाणाऱ्या एका बाईने वळून "काय हो?" असं विचारलं होतं. तिचंही नाव सनिय्याच होतं.

हाग फिक्रींनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. "बोला, उस्ताज. तानी कोण?"

नेमकी त्याच क्षणी एक मिनीबस कहवाखान्यासमोर प्रवासी भरायला थांबली आणि तिच्या खिडक्यांतून सईद बत्ता ओसंडून वाहू लागला. 'मेहुण्या, माझी चप्पल दे! एक नाही, दोन्ही दे!' वगीहचा उजवा पाय टेबलाखाली नाचू लागला. मग डावाही त्याला सामील झाला. डोक्यातली सनिय्या क्षणात धुऊन निघाली. उरला फक्त प्रामाणिक क्रम. पहिला तर समोर रस्त्यावर गातच होता. राहता राहिलं दुसरं.

"तानी..." वगीह म्हणाला, "बाई."

मिनीबस निघून गेली. कहवाखान्यात माशीसुद्धा बसल्या जागी बसून राहिली. डॉक्टर लबीब उठून उभे राहिले आणि दात काढायला लागतो तसा त्यांचा हात आपोआप पुढे आला. बयूमीला आयुष्यात पहिल्यांदाच आपलं मत कुणाला विचारून ठरवावं ते कळेना. वगीहला वाटलं, संपलं. इन्साफ दुसऱ्या कुणाच्या घरी गणित शिकवणार आणि आपण मरेपर्यंत वाळवंटांच्या सीमा काढत बसणार. त्याला खरोखर रडू फुटलं.

या ठिकाणी भाषेचा एक तपशील. (आपल्या गवय्यांच्या तानेशी याचा काही संबंध नाही.) तिकडच्या बोलीत 'तानी' म्हणजे दुसरा. पण 'तानी' म्हणजे पुन्हासुद्धा. आपल्याकडे नाटकात पद रंगलं की 'वन्स मोअर' होतो, तसं तिकडे गाणं रंगलं की माणसं खुर्चीवर चढून "तानी! तानी!" असं ओरडतात. एकाच शब्दात क्रमांकही आहे आणि दादही. आजवर मंडळाच्या अकरा सभासदांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं, कारण ते विद्वान होते.

हाग फिक्रींच्या डोळ्यांत मोठा थेंब जमला.

"ऐकलंत?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अरे, ऐकलंत का रे, मेल्यांनो? मी विचारलं, तानी कोण? आणि हा पोरगा म्हणतो, तानी... बाई! बाईंनंतर पुन्हा बाई! आणि बघा, बघा, बोलता बोलता रडतोय!"

"या अल्ला!" डॉक्टर लबीब मटकन खाली बसले. "आणि आम्ही इतकी वर्षं रशीदी, रशीदी करत बसलो. किती दात काढले मी, हाग! नुसते उपटले!"

"मी तर आधीपासून हेच म्हणत होतो," बयूमी म्हणाला.

मग जे झालं त्याला इतिहासात तोड नाही. सनिय्यावाल्यांनी रशीदीवाल्यांचे मुके घेतले. उलटी कॅसेट सुलटी झाली, अकरा माणसं टेबलांवर चढून "तानी!" असं गर्जू लागली आणि बाई पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागल्या. हाग फिक्रींनी वगीहला उचलून हात असलेल्या खुर्चीत बसवलं. "पोरगी तुझी," ते म्हणाले. "आणखी एखादी असती तर तीही दिली असती." वगीहने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यात कुणीतरी भलामोठा बस्बूसा कोंबला. रवा आणि पाक तोंडात असताना कुणालाही सत्य बोलता येत नाही.

मंडळाचा उद्देश अशा रीतीने सफल झाला, आणि मंडळ देशोधडीला लागलं. दुसऱ्या दिवशी कॅसेट संपल्यावर अकरा माणसं एकमेकांकडे बघत बसली. भांडायला काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर लबीबांकडे सर्वांना औषध मिळू लागल्याने दात काढण्यातला दरारा गेला. मिशा दोन्ही बाजूंनी सारख्या दिसू लागल्या, त्यामुळे माणसं ओळखू येईनात. शेवटी एका सभासदाने घसा खाकरून विचारलं, "पण मग तिसरं कोण?" तेव्हा कुठे शहराचा जीव भांड्यात पडला. लगेच कुणीतरी रशीदी म्हणालं, कुणीतरी सनिय्या म्हणालं आणि पहिली बशी फुटली.

इकडे लग्न जवळ आलं आणि गायला कोण, हा प्रश्न उभा राहिला. हाग म्हणाले, बाईंची कॅसेट लावू. वगीहची जावयाच्या खुर्चीत बसल्यापासून वाचा बसली होती. इन्साफ मात्र गणिताची बाई. तिचा मतांवर विश्वास नव्हता, मोजणीवर होता. आमंत्रणं द्यायच्या निमित्ताने ती सगळ्या सभासदांच्या घरी गेली आणि त्यांच्या बायकांना तिने एकच प्रश्न विचारला : तुमचे हे दाढी करताना काय गुणगुणतात?

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "अगं, दाढी करताना कशाला? दात कोरतानासुद्धा! मेहुण्या, माझी चप्पल दे! पेशंट तोंड उघडं ठेवून ठेका धरतात!"

बयूमीची बायको म्हणाली, "आमच्याकडे तर चपलेच्या जागी वस्तरा घालून म्हणतात."

इन्साफने शेवटी आपल्या आईला विचारलं. आईने आधी दार लावून घेतलं. "तुझ्या बाबांना सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून. फार देवभोळा माणूस आहे. पण न्हाणीघरात गेले, की बत्ताच!" मोजणीचा निकाल : अकरापैकी अकरा. दुसऱ्या क्रमांकावर, अधूनमधून, बाई. सनिय्या आणि रशीदी यांना शून्य.

इन्साफने हे वगीहला सांगितलं, तेव्हा त्याने तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. "म्हणजे मी एकटा नाही?"

"तू एकटाच आहेस," ती म्हणाली. "खरं बोललास तो. म्हणून तर करतेय."

लग्नात सईद बत्ता आला. मुलांसाठी बोलावलाय, असं हागना सांगण्यात आलं. पहिला ठेका पडला मात्र, डॉक्टर लबीब फेर धरताना दिसले; आपण पाहुण्यांच्या दातांची पाहणी करतोय, असा त्यांनी नंतर खुलासा केला. बाकीचे सभासद एकेक करून त्यांना आवरायला म्हणून उठले आणि कंबर हलवू लागले. वगीह तर असा नाचला, की नव्या कोटाची बाही उसवली आणि इन्साफने ती काढून मांडवात भिरकावली. गाणं संपलं. तेव्हा हाग फिक्री, मंडळाचे अध्यक्ष, खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक पाय देऊन उभे राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "तानी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अधिकृतपणे कळवलं, की त्यांच्या म्हणण्याचा अर्थ 'दुय्यम दर्जाचा' असा होता. मंडळाने तो एकमताने मान्य केला. सध्या चौथ्या क्रमांकावर वाद चालू असल्याचं कळतं.

मन्सुरेच्या या भाबड्या लोकांना आपले वाचक मनापासून हसले असतील. हसावंच. आपल्याकडे असं काही नाही. पाहुणे आले की आपण कुणाची रेकॉर्ड लावतो ते सर्वश्रुत आहे. त्यांच्यानंतर कोण, यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरला तो तत्त्वासाठी, हेही मान्य. फक्त परवा एका पाहुणीने आपल्या घरी, आपण आत असताना, एक साधासा प्रश्न विचारला, आणि घरातल्यांनी आधी दार लावून घेतलं. तेव्हा उद्यापासून न्हाणीघरात नळ जरा मोठा सोडत चला.