माळजांबचं श्वान प्रदर्शन

बातमी घडायची वाट बघत बसणारे वार्ताहर वेगळे आणि आपण वेगळे! बातमी घडत नसेल तर तिच्या हाताला धरून तिला गावात आणायची, ही आपली पद्धत. पोटासाठी पिठाची गिरणी आणि इज्जतीसाठी ‘साप्ताहिक मांजराकाठ’चा वार्ताहर, असा मी ज्ञानोबा, मुक्काम माळजांब, तालुका अहमदपूर. गिरणीला बहुतेक वेळा वीज नसते आणि साप्ताहिक कधी कधी पंधरा दिवसांनी निघतं, पण त्यानं माणसाचं वजन कमी होत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. जिल्हा झाला म्हणून आम्ही फटाके उडवले, पेढे वाटले, आणि मग पावसानं तोंड फिरवलं. गावची विहीर तळाला गेली. टँकर मागायला मी जुन्या जिल्ह्याला गेलो, तर ते म्हणाले, तुम्ही आता आमचे नाहीत. नव्या जिल्ह्याला गेलो, तर तिथले म्हणाले, तुमच्या गावाचे कागद जुन्या जिल्ह्यातून अजून आलेच नाहीत, तेव्हा माळजांब नावाचं गाव आमच्याकडं नाही. आता गावच नाही म्हटल्यावर तहान कुणाला लागणार? त्यांनी चहा पाजला, तो पिऊन मी परत आलो.

इकडं घरी वेगळंच. माझी बायको तारामती विष्णुपुरीची. तिच्या माहेरी दारात उभं राहिलं की गोदावरीचं पाणी दिसतं. रोज शेजारच्या गावापर्यंत घागर घेऊन जाऊन ती बेजार झाली होती. मला नव्या जिल्ह्यातून हात हलवत परत आलेलं तिनं पाहिलं आणि पिशवी भरली.

“पाणी आलं की कळवा, मी येते,” ती म्हणाली. “तवर बसा तुमच्या बातम्या पीत.”

रिकाम्या घागरी तिनं ओळीनं पालथ्या घातल्या आणि एसटीत बसून निघून गेली. पहिले काही दिवस मी ऐटीत राहिलो. मग माझ्या हातची भाकरी खाऊन खाऊन माझीच मला कीव यायला लागली. खरं सांगतो, भाकरीचं एक वेळ सोडा, पण ती घरात नसली की मला करमतच नाही. काही करून टँकर आणायचा आणि तारामतीला कळवायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

तेवढ्यात मला साहेबांचा पत्ता लागला. नव्या जिल्ह्यात एक मोठे साहेब आले होते. त्यांचं खातं सांगत नाही, कारण मला अजून त्या ऑफिसात कामं पडतात. या साहेबांना कुत्र्यांचा भारी नाद. त्यांचा अल्सेशियन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा आणि साहेब मागं. कुत्र्याचं नाव कर्नल. ‘मांजराकाठ’ त्यांच्या बंगल्यावर फुकट जात होता. मी लगेच कागद ओढला आणि ‘आगामी कार्यक्रम’ या सदरासाठी मजकूर लिहिला: ‘श्वानप्रेमींसाठी खूशखबर! माळजांब येथे येत्या बाजाराच्या दिवशी मराठवाड्यातील नामांकित कारवानी कुत्र्यांचे भव्य प्रदर्शन. जिल्ह्यातील थोर श्वानप्रेमी अधिकारी उपस्थित राहण्याची शक्यता.’

बेत साधा होता. मोठा साहेब यायचा म्हटलं की त्याच्या आधी टँकर येतो आणि धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारतात. हे मी अहमदपुरात डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पाणी रस्त्याला मिळायच्या आत आपण घागरी भरून घ्यायच्या.

अंक निघाला तसे सरपंच अण्णाराव गिरणीवर आले. अंक माझ्यापुढं धरून म्हणाले, “वार्ताहर, आपल्या गावात कारवानी कुत्रं हायच कुठं?”

मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. कारवानी म्हणजे काय? तोंड लांबट, पाय काटकुळे, पोट पाठीला लागलेलं. यंदाच्या सालात आपल्या गावातलं कोणतं कुत्रं तसं नाही, ते दाखवा. अण्णारावांनी गिरणीच्या दारात पडलेल्या कुत्र्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. त्यांचं स्वतःचं कुत्रं तर म्हणे मागच्या महिन्यापासूनच कारवानी होऊन राहिलं होतं.

साहेबांचा निरोप इतक्या लवकर आला की मीच घाबरलो. ते येणार होते. शिवाय, जमलेल्या कुत्र्यांची पाण्यावाचून आबाळ होऊ नये म्हणून टँकर पाठवत होते!

आदल्या दिवशी टँकर आला. अख्खं गाव घागरी घेऊन पळालं. टँकरच्या मागच्या पायरीवर ईश्वरप्पा उभा होता. हा साहेबांच्या ऑफिसातला कारकून, निलंग्याकडचा, आणि हुकूम म्हणजे हुकूम अशा जातीचा माणूस. त्यानं तोटीवर हात ठेवला आणि जाहीर केलं की हे पाणी कुत्र्यांसाठी आहे.

माझी शेजारीण साखराबाई सगळ्यात पुढं होती. ती म्हणाली, “आमी माणसं हाव, बाबा.”

“माणसांचा टँकर कागद आल्यावर येईल, बाई,” ईश्वरप्पा म्हणाला. “हा कुत्र्यांचा हाय.”

बरीच हुज्जत झाली. शेवटी तो एवढ्यावर आला की एक कुत्रं दाखवा आणि दोन घागरी न्या. घरी नेल्यावर कुत्र्यानं किती प्यायचं आणि बाकीच्यांनी किती, त्यात तो पडणार नव्हता.

मग गावात जी पळापळ झाली तिला तोड नाही. ज्या कुत्र्यांना कालपर्यंत दगड बसत होते त्यांना बाया “ये रे माझ्या राजा” म्हणून हाका मारायला लागल्या. आजवर इतका लाड न पाहिलेली कुत्री जीव घेऊन शिवाराकडं पळाली आणि गाव त्यांच्या मागं. कुणी चऱ्हाट बांधलं, कुणी लुगड्याचा काठ बांधला. एका म्हातारीनं तर कुत्रं थेट कडेवर घेतलं. मी त्या वेळी घरात बसून साहेबांच्या स्वागताचं भाषण लिहीत होतो. भाषण आटोपून बाहेर आलो तेव्हा गावात एक कुत्रं बिनमालकाचं उरलं नव्हतं.

साखराबाईकडून तिचं कुत्रं उसनं घेतलं आणि रांगेत उभा राहिलो. आधीच लहानपणी चावल्यामुळं मला कुत्र्याची दहशत. दोरी लांब धरून मी आणि कुत्रं एकमेकांकडं न बघता पुढं सरकत होतो. ईश्वरप्पा माणसांची तोंडं विसरायचा, कुत्र्यांची नाही.

“हे मघाशी बाईसंगं आलतं,” तो म्हणाला. वर कुत्र्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला, म्हणजे ते तिसऱ्यांदा यायला नको. मग सगळ्याच कुत्र्यांना त्यानं पट्टे ओढले. टँकर गावात आणला मी आणि गावात कोरडं राहिलेलं घर एकच, माझं. तारामतीला काय कळवणार, कपाळ!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पुढच्या सीटवर कर्नल, मागं साहेब. शाळेच्या मैदानात गेरूच्या पट्ट्यांची कुत्री ओळीनं धरून गाव उभं होतं. साहेब हात मागं बांधून सावकाश चालत गेले. मध्येच थांबून त्यांनी एका कुत्र्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि त्या लाल बोटाकडं पाहिलं.

“हे सगळे कारवानी?” त्यांनी मला विचारलं.

“दुष्काळानं जरा सारखे दिसायलेत, साहेब,” मी म्हणालो.

माणूस चांगला होता. ओरडला नाही. ओळीच्या शेवटापर्यंत गेला आणि पहिलं बक्षीस साखराबाईच्या कुत्र्याला दिलं, कारण साऱ्या गावात पोटभर पाणी प्यालेलं ते एकटंच दिसत होतं. साखराबाई ते ऐकून इतकी हरखली की बक्षिसाचा गडवा घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले. म्हणजे दोरी सुटली! तिचं कुत्रं शेजारच्या कुत्र्यावर गेलं, ते त्याच्या शेजारच्यावर, आणि मग मैदानात नुसती धूळ. सरपंच टेबलावर चढले. साहेब आधीच तिथं होते. मी कुठं होतो ते सांगण्यासारखं नाही. धूळ खाली बसली तेव्हा माणसं होती, कुत्री होती, जीप होती, फक्त कर्नल नव्हता.

साहेबांनी उन्हातान्हात सारं शिवार पालथं घातलं. “कर्नल, कर्नल” करून त्यांचा आवाज बसला. मला त्यांचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं. दिवस कलताना ते परत निघाले. पुढची सीट मोकळी होती, तरी ते मागंच बसले.

जाताना त्यांनी हुकूम दिला. तहानलेलं कुत्रं पाणी असेल तिथं येणार, तेव्हा कर्नल सापडेपर्यंत टँकर रोज माळजांबला येईल. ईश्वरप्पानं पाण्याला आलेलं एकूण एक कुत्रं निरखून बघायचं. पाण्याची अट तीच.

मी घरी आलो, बाजेवर टेकलो, आणि बाजेखालून कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. वाकून पाहिलं तर कर्नल! मी बाजेवर उभा राहिलो आणि अण्णारावांच्या नावानं हाका मारल्या. अण्णाराव आले, बाजेखाली पाहिलं, आणि आधी दार लावून घेतलं.

“वार्ताहर, कर्नल सापडला तर टँकर बंद,” ते हळू आवाजात म्हणाले.

“आन् न्हाई सापडला तर?”

“तर गाव पाणी पितं. तुमीच ठरवा.”

साहेबांचा तो बसलेला आवाज माझ्या कानात होता. पण गावची ती रांगही डोळ्यांपुढं होती. पाऊस पडला की स्वतः नेऊन सोडू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ही गोष्ट दोघांतच ठेवायची. घर माझंच ठरलं, कारण माझ्या घरात आता बोलायला कुणी नव्हतं. अण्णाराव रोज धोतराच्या सोग्याखाली झाकून पाण्याची कळशी आणायचे आणि आत आल्या आल्या विचारायचे, “कर्नलचं झालं का?” माझं झालं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आधी कर्नल पोटभर प्यायचा, उरलेलं मी. सुरुवातीला मी बाजेवर आणि तो खाली. आठवडाभरात तो बाजेवर आला आणि मी खाली.

आता माझी अडचण बघा. कुत्र्यामागं दोन घागरी मिळत होत्या, माझ्या घरात जिल्ह्यातलं सगळ्यात भारी कुत्रं होतं, आणि मला एक घागर मिळत नव्हती. तारामतीला कळवायचं तरी काय? म्हणून मी काहीच कळवलं नाही. फक्त वार्ताहराचा हात राहवेना, तेव्हा ‘मांजराकाठ’मध्ये चार ओळी दिल्या: ‘माळजांबला रोज टँकर. आमच्या वार्ताहराच्या प्रयत्नांना यश.’

तो अंक विष्णुपुरीला कसा पोचला, देव जाणे. एका दुपारी वीज आली म्हणून मी गिरणीवर होतो. तेवढ्यात तारामती एसटीतून उतरली आणि थेट घरी गेली. पालथ्या घागरी तशाच होत्या. बाजेवर एक धिप्पाड कुत्रं झोपलं होतं. आमच्या घरात कुत्रं बघून तिला नवल वाटलं असणार, पण दारावरून बाया कुत्री ओढत टँकरकडं चालल्या होत्या. तिनं एकीला विचारलं तर ती म्हणाली, कुत्रं न्या, दोन घागरी भरून आणा. तारामतीला एवढं पुरे होतं. तिनं दोरी शोधली, कर्नलला बांधलं, दोन घागरी घेतल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मला गिरणीवर एवढंच जाणवलं की टँकरजवळचा रोजचा गोंगाट एकाएकी थांबला. गिरणीचा पट्टा तसाच सोडून मी पळत गेलो. रांगेत सगळ्यात पुढं तारामती, तिच्या हातात दोरी, दोरीला कर्नल. ईश्वरप्पा पायरीवरून खाली उतरला होता. त्यानं कर्नलला सलाम केला. सुखरूप आहे म्हणून चारी बाजूंनी बघून घेतलं. मग तारामतीच्या दोन्ही घागरी स्वतःच्या हातानं काठोकाठ भरल्या, तोटी बंद केली, कर्नलला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि आपण मागच्या पायरीवर उभा राहिला. टँकर गेला. मागची सगळी रांग रिकाम्या घागरी आणि कुत्री घेऊन उभी ती उभीच.

तारामतीनं डोक्यावर घागर चढवली, दुसरी कमरेवर घेतली आणि मला पाहून हसली.

“एवढ्या दिसांत तुमाला दोन घागरी जमल्या न्हाईत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मी आले आन् एका खेपेत भरल्या. कुत्रं बी त्या भल्या माणसानं सांभाळाय नेलं. घरात कुठं ठिवून घेतलं होतं एवढं थोर कुत्रं?”

अख्ख्या रांगेनं माझ्याकडं पाहिलं. अण्णारावांनी तेवढं पाहिलं नाही. ते त्या वेळी आभाळात ढग शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं विष्णुपुरीला आलो. स्टँडवर सगळं गाव होतं. आमचं बोचकं साखराबाईनं स्वतः खिडकीतून आत ढकललं. परत कधी येणार, असं कुणी विचारलं नाही. गावानं आपल्याला केवढ्या मानानं निरोप दिला, हे तारामती अजून माहेरच्या बायांना कौतुकानं सांगते. मी तेवढ्यात घागर उचलून पाण्याला निघतो.